अक्का, तेव्हा तुला काय दिसलं होतं?

अक्का, तू दुपारी जेवून आडवी झालीस आणि झोपेतच गेलीस. तेव्हापासून जो येतो तो मला एकच सांगतो, देवानं तिला स्वप्नात बोलावून घेतलं. चर्चमधल्या बायका सांगतात, पास्टर सांगतात, तुझ्या बिल्डिंगखालचा इस्त्रीवाला सांगतो, आणि तो तर मुसलमान आहे. सगळ्यांना ठाऊक आहे. मी तुझी सख्खी धाकटी बहीण, मलाच काही ठाऊक नाही. मी मान डोलावते, चहा देते, आणि ते गेले की उठून घरभर फिरत राहते.

जायच्या आधी तू फोन केला होतास. "लता, एक सांगायचं होतं."

"सांग की."

"फोनवर नक्को. रविवारी ये, प्रार्थना झाल्यावर. समोर बसून सांगते."

रविवार आला तेव्हा तू नव्हतीस. आता तेवढं एक वाक्य माझ्या कानाला चिकटून राहिलंय. काय सांगायचं होतं? चर्चमधल्या बायका म्हणतात, तुला मरणाचं स्वप्न पडलं असणार. विलास म्हणतो, गॅसच्या सिलिंडरचं काहीतरी असेल, मागच्या महिन्यातही असंच बोलावून तिनं रेग्युलेटर दाखवला होता. माझ्या नवऱ्याचं हे असंच असतं, आणि खरं सांगू, मला त्याचंच बरोबर असावं असं वाटतं. रेग्युलेटरचंच असू दे. पण मग ऑफिसात फाईल उघडून बसले की वाटतं, नाही, रेग्युलेटरसाठी तू "समोर बसून" म्हणाली नसतीस. मग मी खुर्चीवरून उठते. युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात इतक्या वर्षांत मी जितकी उठबस केली नाही तितकी या दिवसांत केली. सुटल्यावर विद्यानगरला घरी जायचं सोडून जामबागच्या बसमध्ये बसते, तुझ्या खोलीचं कुलूप उघडते, पंखा लावते, खुर्चीवर बसते, पंखा बंद करते, कुलूप लावते. इस्त्रीवाला विचारतो, "कुछ भूल गए क्या मॅडम?" मी म्हणते, "हौ."

तुझी स्वप्नं आपल्या घरात आली ती माय गेल्यावर. तू नुकतीच सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागली होतीस, बाळंतपणाच्या वॉर्डात. आपण तेव्हा गौलीगुड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. एका सकाळी बाबा दाढी करत होते, मी कॉलेजच्या घाईत होते, आणि तू चहाचा कप हातात धरून उभ्याउभ्याच म्हणालीस, "माय दिसली. मोरीत भांडी घासायली होती. तिच्या बाजूला एक माणूस बसला होता. त्याच्या तळहातांना जखमा होत्या. त्यानं मायच्या हातातली कढई घेतली आणि म्हणाला, आता पुरे, तू दमलीस. मग स्वतःच घासायला बसला."

बाबांनी वस्तरा खाली ठेवला. मी तुला हसवायला म्हणून म्हटलं, "जखमेला राख झोंबली असंल त्याच्या."

तू हसली नाहीस. "हौ," म्हणालीस. "झोंबत होती. तरी घासत होता."

तो माणूस कोण हे तू आम्हाला विचारलं नाहीस. तू वॉर्डातल्या मरियम्माला विचारलंस. मरियम्मा तुझ्या बरोबरीची नर्स, तेलुगू ख्रिस्ती. ती ऐकून रडली म्हणे, आणि पुढच्या रविवारी तुला तिच्या चर्चमध्ये घेऊन गेली. वर्ष व्हायच्या आत तू बाप्तिस्मा घेतलास.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "आपण सगळे देव सोडून माणसं झालो, आणि ही परत देवाकडं निघाली." मग कितीतरी दिवस ते तुझ्याशी बोलले नाहीत. तू वाढायचीस, ते जेवायचे. तुला ड्यूटीवरून यायला उशीर झाला की ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहायचे, तू दिसलीस की वळून घरात यायचे. पण बोलायचे नाहीत. शेवटी तूच एकदा ताट वाढता वाढता म्हणालीस, "बाबा, सिद्धार्थाच्या आईला स्वप्नात हत्ती दिसला, ते तुम्हाला चालतं. मला एक माणूस दिसला, तो चालत नाही?" बाबा घास हातात धरून थांबले. मला वाटलं, आता ताट भिरकावतात. ते म्हणाले, "भाजीत मीठ नाही." तुझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. तू मिठाचा डबा आणायला आत गेलीस ती बराच वेळ बाहेर आली नाहीस.

मी मात्र बाबांसारखी गप्प बसणारी नव्हते. मी तुझ्याशी भांडायचे आणि तुला ते आवडायचं. बाबांनी आपल्याला शिकवलं होतं, काहीही मानायच्या आधी तपासून घ्यायचं. मी म्हणायचे, दिवसभर डोक्यात जे घोळतं तेच झोपेत दिसतं, यात देव कुठून आला? तू माय गेल्यानं खचली होतीस, म्हणून तुला माय दिसली. तू शांतपणे ऐकून घ्यायचीस. तुझं म्हणणं होतं की तपासणं तूही करतेस. कोणतंही स्वप्न तू लगेच देवाचं म्हणायची नाहीस. मला आठवतं, तू बोटांवर मोजत सांगायचीस. रात्री बघारे बैंगन खाऊन पडलेलं स्वप्न देवाचं नसतं, ते वांग्याचं. ज्यात माझंच भलं होतंय ते आधी बाजूला ठेवायचं. ज्यात दुसऱ्याचं वाईट आहे ते तर सोडूनच द्यायचं. आणि उरेल ते शास्त्राशी ताडून बघायचं, मरियम्माला सांगायचं, आणि वाट बघायची.

"एवढं सगळं करून काय उरतं?" मी विचारायचे.

"लई थोडं," तू म्हणायचीस. "पण तेवढं पुरतं."

देवानं पूर्वी माणसांना स्वप्नात वाट दाखवली, बाळ येशूला घेऊन त्याच्या आईबापांना परमुलखात जायला लावलं, हे तू इतक्या सहज सांगायचीस की जणू तुझ्या वॉर्डातल्याच कुणाला डिस्चार्ज दिला होता. मला चीड यायची आणि हेवाही वाटायचा. कुणीतरी माझ्याशीही असं बोलावं, उठ, इथून जा, तिथं राहा, असं कुणीतरी सांगावं. मला आयुष्यात सगळं माझं मलाच ठरवावं लागलं.

आता ते सांगते जे आपण पुढं कधीच बोललो नाही.

लग्नानंतर बरीच वर्षं थांबून मला दिवस गेले. सहावा महिना होता. त्रास सुरू झाला होता, डॉक्टरीणबाईंनी झोपून राहायला सांगितलं होतं. तू रोज ड्यूटी संपली की विद्यानगरला यायचीस, माझा बीपी बघायचीस, पायांना तेल लावायचीस. एक दिवस तू दारातूनच हसत आलीस. तुला मी तसं हसताना फार वेळा पाहिलेलं नाही. "लता, मी बघितलं," म्हणालीस. "तुझं बोट धरून एक लेकरू जिना उतरायलं होतं. एकेक पायरी, दोन्ही पाय ठेवत. तू काळजी करू नको. हे जगणार."

मी नास्तिक, मी चिकित्सक, मी बाबांची लेक. पण त्या दिवशी मी तुझा हात धरून विचारलं, "नक्की?"

तू म्हणालीस, "नक्की."

तू ते मरियम्माला विचारलं नव्हतंस, वाट बघितली नव्हतीस. ज्यात आपलं भलं आहे ते बाजूला ठेवायचं, हा तुझाच नियम, पण माझं भलं तुला बाजूला ठेवता आलं नाही. हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच कळलं की मुलगा सातव्या महिन्यात झाला, थोडा वेळ काचेच्या पेटीत होता, आणि गेला. तूच त्याला दुपट्यात गुंडाळून माझ्याजवळ आणलंस. नर्स म्हणून तू असं किती जणींकडे आणलं असशील. पण त्याचं दुपटं तू परत परत नीट करत राहिलीस.

घरी आल्यावर तू माझ्या पायथ्याशी बसून राहिलीस. मी भिंतीकडं तोंड करून पडले होते. तू म्हणालीस, "मी चुकले असेन, लता. तो चुकला नाही."

मी उठून बसले. "तुला कळतच नाही तो काय बोलतो, तर मग तो तुझ्याशी बोलतो कशाला? ज्याला नीट कळंल अशा कुणाशी का बोलत नाही?"

तू माझ्या पायावरची चादर सारखी करायला लागलीस. मी म्हटलं, "यापुढं तुझं एकही स्वप्न माझ्या दारात आणू नको."

ते बोलल्याचा मला पस्तावा नाही, अक्का. आजही नाही. मला तेव्हा दुसरं काही बोलताच आलं नसतं आणि तूही दुसरं काही ऐकायला आली नव्हतीस. मला एवढंच माहीत नव्हतं की तू ते इतकं तंतोतंत पाळशील. त्यानंतर तू येत राहिलीस, डब्यात चटणी आणत राहिलीस, बाबांच्या आजारपणात आपण दोघींनी पाळीपाळीनं त्यांना उठवलं, बसवलं. बाबा शेवटी शेवटी तुला चिडवायचे, "आज काय दिसलं गं तुझ्या देवाला?" आणि तू माझ्याकडं न बघता म्हणायचीस, "काही नाही बाबा. पडल्या पडल्या झोप लागली." चर्चमध्ये तू साक्ष द्यायचीस, लोक तुझ्याकडं आपली स्वप्नं घेऊन यायचे, हे मला बाहेरून कळायचं. माझ्या घरात तू नुसती माझी बहीण होतीस. ते मी मागितलं होतं आणि मला मिळालं. तरी काहीतरी गेलं होतं. तुझ्याशी भांडायला आता विषयच उरला नव्हता.

मग तो उन्हाळा आला. भर दुपार, रस्ते ओस पडलेले, आणि तू माझ्या दारात. घामानं चिंब, नर्सच्या साडीत, सुटीच्या दिवशी मी घरी आहे हे बघून आलेली. पाणी दिलं तर उभ्यानंच प्यायलीस.

"लता, चल माझ्यासोबत."

"कुठं?"

"दवाखान्यात. एक पोर बघायची आहे. आई बाळंतपणात गेली. बाप पालमूरकडचा, बांधकामावर आहे, घरी दोन लेकरं आधीच आहेत. तो म्हणायलाय, कुणी चांगलं माणूस असंल तर दत्तक लिहून देतो."

माझ्या डोक्यात एकच आलं. जिना, लेकरू, बोट. मी विचारलं, "तुला परत काही दिसलं का?"

तू नजर खाली केलीस. "ते विचारू नको. तू ये, बघ, तुझ्या पोटातून वाटलं तर हो म्हण. नाही वाटलं तर मी परत कधी या गोष्टीचं नाव काढणार नाही."

मी त्याचा अर्थ लावला की दिसलंय. अर्थातच दिसलंय. नाहीतर अक्का एवढ्या उन्हात कशाला येईल?

मी आले. वॉर्डाच्या टोकाला पाळण्यात ती होती, काळी, इवलीशी, डोक्यावर भरपूर केस. बाहेर बाकावर तिचा बाप बसला होता. त्यानं आम्हाला बघून उठून हात जोडले, आणि मग परत बसला. तुला आठवतं ना, मी तिला उचललं नाही, बाळाचं नाक कुणासारखं आहे असलं काही म्हटलं नाही. मी तिच्या टाळूवर हात ठेवला. ती जांभई देत होती. मी म्हटलं, "हिला भूक लागली आहे का?" तू म्हणालीस, "आत्ताच पाजलंय." मी म्हटलं, "तिला परत एकदा विचारून बघ." आणि तू तोंडावर पदर धरून बाजूला गेलीस.

पुढं वकील, दत्तकपत्र, तिच्या बापाच्या सहीच्या वेळचं त्याचं रडणं, ते सगळं विलासनं आणि तू निभावलंत. नाव मी ठेवलं, संघमित्रा. तुला शास्त्रातलं एखादं नाव हवं होतं हे मला माहीत होतं, पण तू चकार शब्द काढला नाहीस. मित्रा म्हणून हाक मारायला लागलीस.

पण अक्का, एक काटा राहिला. मित्रा माझी झाली, अगदी माझी. तिला ताप आला की माझं अंग तापायचं. तरी मनाच्या तळाशी वाटायचं, ही माझ्या हो म्हणण्यानं आलेली नाही. ही अक्काच्या स्वप्नातून आलेली आहे. कुणीतरी वर ठरवलं, अक्काला दाखवलं, अक्कानं मला आणून दिलं. मला एकदाच काहीतरी स्वतः निवडल्यासारखं वाटलं होतं आणि तेही आधीच लिहिलेलं निघालं. आणि त्याहून वाईट एक विचार यायचा. जर ही त्याच देवानं दाखवली असेल, तर माझ्या मुलाच्या वेळी तो काय करत होता? तो एक देतो आणि एक नेतो, असलं काही मला कुणी सांगू नये म्हणून मी तुला कधी विचारलंच नाही. एकदा मित्राच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी अगदी ओठांवर आलं होतं. आपण दोघी गच्चीवर पापड वाळत घालत होतो. मी म्हटलं, "अक्का, एक विचारू?" तू म्हणालीस, "विचार." मी म्हटलं, "पापडाला या वेळी पापडखार जास्त झालाय का?" तू माझ्याकडं बघितलंस. तुला कळलं होतं. पण तूही पापडाचंच उत्तर दिलंस.

आपण दोघी किती घाबरट होतो गं.

तुला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मरियम्मा तुझी खोली आवरायला माझ्यासोबत आली. आता ती थकली आहे, गुडघे धरून चालते, पण डबे पुसायला बसली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मरियम्मा, माझी मित्रा तिच्या स्वप्नामुळंच आली माझ्याकडं. तुला तर सांगितलं असंल तिनं, काय दिसलं होतं."

मरियम्मानं फडकं थांबवलं. "सपना? कौनसा सपना?"

"त्या वेळचं. पोरगी दाखवायला घेऊन गेली तेव्हाचं."

"अरे नै लता. उस टाइम तो उसको कुच्च नै दिखा था." ती माझ्याकडं अशी बघत होती की मीच काहीतरी भलतं बोलले. "तेरा बच्चा गया ना, उसके बाद से ये डर गई थी. मांगी, उपास रखी, बोली प्रभू, एक बार दिखा दे, लता को बोलूं कि नक्को बोलूं. कुच्च नै. रोज सुबे मेरे पास आके रोती थी, मरियम्मा, आज बी नै आया जवाब. उधर बच्ची का बाप बोल रा था, मेरे को गांव जाना है."

"मग?"

"मग क्या? एक दिन बोली, जवाब नै आया तो नै आया. बच्ची तो सामने है ना. और चली गई तेरे पास, धूप में."

मी डबा हातात धरून उभी राहिले. मला बसता येईना. मी खोलीतून बाहेर गॅलरीत गेले, परत आत आले. मरियम्मा म्हणाली, "बैठ जा ना." मी बसले नाही. अक्का, मी इतकी वर्षं ज्या स्वप्नावर चिडले होते ते नव्हतंच! तू रिकाम्या हातानं आली होतीस. मागच्या वेळी "नक्की" म्हणून आली होतीस आणि ते खोटं ठरलं. या वेळी तुला काहीच नक्की नव्हतं. मी तुला दारातून हाकलून दिलं असतं तर तुझ्याकडं म्हणायलाही काही नव्हतं, देवानं सांगितलं म्हणून आले एवढंसुद्धा नाही. आणि मी विचारलं तेव्हा तू खाली बघितलंस ते लपवायला नव्हे. तुला लाज वाटत होती की या वेळी तुला सांगितलं गेलं नाही.

मला का नाही बोललीस? "काही दिसलं नाही" एवढे तीन शब्द. मी स्वप्न आणू नको म्हटलं होतं. स्वप्न पडलं नाही हे सांगायला मी कुठं मना केलं होतं? का तुला वाटलं, हिला ती पोर देवाची देणगी वाटत असेल तर वाटू दे, मी कशाला मोडू? का तुला तो तुझा पराभव वाटत होता? का रविवारी हेच सांगायचं होतं? मी विचारते आणि तुझ्या खोलीतला पंखा फिरतो.

मित्राला मी हे दुसऱ्या दिवशी सांगितलं. लहानपणी मीच तिला कौतुकानं सांगून ठेवलं होतं, तू मावशीच्या स्वप्नात आली होतीस म्हणून. ती लॅपटॉप मिटून ऐकत होती. मला वाटलं, हिला वाईट वाटेल. ती म्हणाली, "बरं झालं यार मम्मी. मला टेन्शन यायचं."

"कसलं?"

"स्वप्नातलं लेकरू म्हणजे कायतरी स्पेशल असायला पाहिजे ना. माझे मार्क्स तर असे." मग तिनं लॅपटॉप बाजूला सरकवला. "म्हणजे मावशीनं मला बघितलं आणि मग ठरवलं."

"हौ."

"आणि तू पण."

मी म्हटलं, "मी पण." माझ्या तोंडून ते इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाहेर पडलं.

परवा तुझ्यासाठी चर्चमध्ये स्मरणाची प्रार्थना झाली. पास्टर बोलले, इतर बोलले. सगळे तुझ्या स्वप्नांबद्दलच बोलले. कुणाच्या मुलाला तू परदेशी जाऊ नको म्हणालीस आणि ते कसं बरं झालं. कुणाचा मोडलेला संसार कसा जुळला. मी मागच्या बाकावर चुळबुळत होते. मग पास्टरांनी माझं नाव घेतलं. मी ख्रिस्ती नाही, माझं तेलुगू भाजी घेण्यापुरतं. मी मित्राला सोबत घेतलं आणि मराठीत बोलले. ती एकेक वाक्य तेलुगूत सांगत गेली.

मी म्हटलं, "माझ्या बहिणीला स्वप्नं पडायची. तुम्ही म्हणता ती देवाकडून होती. मला माहीत नाही. एक खोटंही ठरलं, त्यात माझा मुलगा होता. पण ही माझी मुलगी माझ्या घरी आली, त्या वेळी माझ्या बहिणीला काहीही सांगण्यात आलं नव्हतं. तिनं विचारलं होतं. उत्तर आलं नाही. तरी ती उन्हातून चालत माझ्या दारात आली. तुम्ही तिच्या स्वप्नांबद्दल बोला. पण हेही बोलत जा." एवढं म्हणून मी खाली बसले.

मित्राचं तेलुगू माझ्या मराठीपेक्षा बराच वेळ चाललं. मग सगळे एकदम "आमेन" म्हणाले. मला राग आला. आमेन कशाला? मी तर तुमच्या विरुद्ध बोलले.

बाहेर पास्टर माझ्याजवळ आले. तरुण आहेत, तुझ्यापुढं तर पोरच. मोडक्या हिंदीत म्हणाले, "अम्मा, लेकरू चालायला शिकलं की बाप हात सोडतो. सिस्टरला तेव्हा सांगायची गरज नव्हती."

मी म्हटलं, "आणि माझ्या मुलाच्या वेळी? तेव्हा कुणाला गरज नव्हती?"

त्यांनी हातातलं बायबल बगलेत धरलं. मग म्हणाले, "मला माहीत नाही, अम्मा." त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच मला काही बरं वाटलं. तूही त्या दिवशी एवढंच म्हणाली असतीस तर, असं वाटलं. मग वाटलं, पुढची सगळी वर्षं तू न बोलता तेच तर म्हणत होतीस.

परतताना रिक्षात मी मित्राला विचारलं, "मी बोलले तेवढंच सांगितलंस ना? लई लांबलं तुझं."

"तेवढंच," ती म्हणाली. "फक्त लास्टला थँक्यू म्हटलं मावशीला. तू म्हटलंच नाहीस."

"मी नाही म्हटलं?"

"नाही ना. एकदम खालीच बसलीस."

"मग तू कुणाकडून म्हटलंस?"

"तुझ्याकडून. मम्मीनं सांगितलंय म्हणून." तिनं माझ्याकडं बघितलं. "चालतं ना?"

मी बाहेर बघत राहिले. रिक्षा कोठीच्या गर्दीत अडकली होती, हॉर्न वाजत होते, आणि तिनं माझं बोट धरलं होतं की मी तिचं, ते मला सांगता यायचं नाही.

तर अक्का, माझ्या नावानं तुझे आभार मानून झालेत, मला कळायच्या आत, मला नीट न येणाऱ्या भाषेत, भरल्या चर्चमध्ये. तेच एकदा मराठीत म्हणावं म्हणून मी आज हे लिहायला बसले, आणि बघ, सगळा वेळ तुझ्याशी भांडण्यातच गेला.